रस्त्यावरील छायाचित्र आणि परीक्षकाची दृष्टी

पंचायतीचा वर्धापनदिन असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की एखाद्या वाचनालयाचा महोत्सव असो, कार्यक्रमपत्रिकेत आता छायाचित्र-स्पर्धा हमखास आढळते. कॅमेरा ही एकेकाळी गावातील दोन-चार घरांत असणारी वस्तू होती. आज भ्रमणध्वनीच्या रूपाने तो बहुतेकांच्या खिशात आहे. स्पर्धेचा विषयही बहुधा ठरलेला असतो : 'आमचा बाजार', 'रस्त्यावरील जीवन', 'गावातील एक दृश्य'. प्रवेशिका भरपूर येतात. परीक्षक म्हणून चित्रकलेचे शिक्षक, ग्रंथपाल, तालुक्याचे अधिकारी किंवा बाजारपेठेतील एखादा व्यावसायिक छायाचित्रकार यांना पाचारण केले जाते, आणि दोन तासांत शंभर-दीडशे चित्रे पाहून तीन क्रमांक काढावयाचे असतात.

काव्य, नाट्य, गायन, रांगोळी यांची पारख करण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. नाटकाच्या स्पर्धेत बसलेल्या परीक्षकास निदान काय पाहावयाचे हे ठाऊक असते. रस्त्यावर उभे राहून एका निमिषात टिपलेल्या छायाचित्राच्या बाबतीत तशी परंपरा नाही. परिणामी पहिले बक्षीस बहुधा सुरकुतलेल्या वृद्धेच्या चेहऱ्यास, दुसरे भगव्या वस्त्रांतील साधूस आणि तिसरे अनवाणी पायांनी उभ्या असलेल्या एखाद्या बालकास मिळते. ह्यात परीक्षकाचा हेतू वाईट नसतो. परंतु ज्या चित्रास बक्षीस मिळते त्याचेच पुढल्या वर्षी अनुकरण होते, आणि पाहता पाहता गावातील हुशार मुले आपल्या गल्लीकडे पाठ फिरवून भिकारी व साधू शोधत हिंडू लागतात. परीक्षकाने दिलेला निकाल असा गावाच्या नजरेला वळण लावतो. प्रस्तुत लेखाचा प्रपंच त्यासाठीच आहे.

निवडीची कला

चित्रकार कोऱ्या पटावर एकेक वस्तू मांडत जातो. स्टुडिओतील छायाचित्रकार दिवे लावतो, आसन देतो, मान किंचित वळवावयास सांगतो. रस्त्यावरील छायाचित्रकारास यांपैकी काहीही करता येत नाही. नव्हे, त्याने ते करावयाचेच नसते. रस्ता जसा आहे तसा असतो, माणसे आपापल्या कामात असतात, ऊन आपल्या वेळेने सरकत असते. त्याच्या हाती उरते ती केवळ निवड : कोठे उभे राहावयाचे, चौकटीत काय घ्यावयाचे व काय वगळावयाचे, आणि कोणत्या क्षणी कळ दाबावयाची. म्हणून रस्त्यावरील छायाचित्राची पारख म्हणजे ह्या निवडीची पारख होय. चित्रातील माणूस देखणा आहे काय, विषय उदात्त आहे काय, रंग उठून दिसतात काय, हे प्रश्न त्यानंतरचे.

ह्या कलेच्या उगमापाशीच तिचे मर्म दिसून येते. फ्रान्समधील लुई दागेर याने १८३८ साली पॅरिसमधील आपल्या खिडकीतून बुलव्हार द्यू ताँप्ल ह्या रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्या काळी एका चित्रासाठी कित्येक मिनिटे प्रकाश द्यावा लागे. त्यामुळे धावणाऱ्या गाड्या, चालणारी माणसे यांचा मागमूसही त्या चित्रात उमटला नाही. गजबजलेला रस्ता ओसाड दिसतो. उमटला तो एका कोपऱ्यात जोडे पुसून घेण्यासाठी स्थिर उभा राहिलेला एक इसम. ही निवड दागेरची नव्हती, यंत्राच्या मंद गतीची होती. पुढे १९२५ साली जर्मनीत 'लायका' हा हाती धरण्याजोगा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंतची गती छायाचित्रकाराच्या बोटाखाली आली. तेव्हापासून क्षण निवडण्याची सत्ता यंत्राकडून माणसाकडे आली. आणि सत्तेबरोबर जबाबदारीही आली.

ह्या जबाबदारीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आँरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८-२००४) ह्या फ्रेंच छायाचित्रकाराचे आहे. १९३२ साली पॅरिसमधील साँ लाझार रेल्वे स्थानकाच्या मागील बाजूस घेतलेले त्याचे एक चित्र जगभर छापले गेले आहे. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी घेत आहे. त्याची टाच पाण्याला टेकण्याच्या बेतात आहे, पण टेकलेली नाही. त्याचे प्रतिबिंब पाण्यात उलटे दिसते. पाण्यात पडलेल्या शिडीभोवती तरंग उठले आहेत. आणि मागच्या भिंतीवरील जाहिरातीत एक नर्तिका जवळजवळ तशीच झेप घेताना दिसते. क्षणभर अगोदर कळ दाबली असती तर माणूस नुसता चालताना दिसला असता; क्षणभर नंतर दाबली असती तर पाणी उडून प्रतिबिंब फुटले असते. सामान्य माणसाची एक सामान्य उडी आणि भिंतीवरील नर्तिकेची झेप यांचे जे नाते ह्या चित्रात जुळले आहे ते त्या स्थळी, त्या क्षणापुरतेच होते. परीक्षकाने शोधावयाचे असते ते असे नाते.

ह्याच छायाचित्रकाराच्या १९५२ सालच्या ग्रंथाचे इंग्रजी नाव 'निर्णायक क्षण' ह्या अर्थाचे आहे आणि हा शब्दप्रयोग पुढे घोषवाक्यासारखा वापरला गेला. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ मात्र निराळा आहे. परवाना नसलेला फेरीवाला पोलीस दिसताच माल गुंडाळून पळण्याच्या तयारीत जसा विक्री करतो, त्या घाईगडबडीच्या विक्रीस फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, तोच त्या नावात आहे. बाजारात उभे राहून चित्रे घेणाऱ्यास हे मूळ नाव अधिक पटेल असे वाटते.

चौकटीच्या कडा

परीक्षणाची सुरुवात चित्राच्या मध्यभागापासून न करता कडांपासून करावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. हौशी छायाचित्रकाराचे लक्ष मध्यभागी असते. त्याने ज्या वस्तूसाठी कॅमेरा उचलला ती वस्तू तेथे येतेच. कडांवर काय आले आहे ह्यावरून त्याने संपूर्ण दृश्य पाहिले होते की एकच वस्तू पाहिली होती हे लगेच कळते. अर्धवट कापलेला हात, विनाकारण डोकावणारे दुचाकीचे चाक, कोणाच्या तरी डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब, ही न पाहिल्याची लक्षणे आहेत. उलट, कडेवर मुद्दाम अर्धी ठेवलेली आकृती चित्राला बळ देऊ शकते. दोहोंतील फरक ओळखणे कठीण नाही. ती आकृती बोटाने झाकून पाहावी. चित्र सुधारले तर ती निष्काळजीपणाने आली होती. चित्र दुबळे झाले तर ती निवडून ठेवली होती.

एक कल्पित उदाहरण घेऊ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील दोन चित्रे आपणापुढे आली आहेत असे समजा. पहिल्यात मातीची भांडी मांडून बसलेली एक विक्रेती कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहे. रंग सुरेख, चेहरा स्पष्ट, भांडी टवटवीत. दुसऱ्यात तीच विक्रेती पाठमोरी आहे. तिच्यासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने एक मडके कानाजवळ धरून त्यावर टिचकी मारली आहे, आणि बाजूला बसलेल्या लहान मुलीचे डोळे त्या मडक्यावर खिळले आहेत. पहिले चित्र पाहणाऱ्यास प्रसन्न करते व तेथेच संपते. दुसऱ्यात मात्र खरेदीचा व्यवहार, मडके पक्के भाजले आहे किंवा नाही हे आवाजावरून ओळखण्याची रीत, आणि मोठ्यांचे पाहून शिकणारे मूल, ही तिन्ही एका चौकटीत आली आहेत. विक्रेतीचा चेहरा दिसत नाही हा दोष नव्हे. चेहरा दिसलाच पाहिजे हा नियम ओळखपत्राच्या छायाचित्रासाठी आहे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात छायाचित्र विभागाचे अनेक वर्षे प्रमुख असलेले जॉन शारकॉव्स्की यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात छायाचित्राकडे पाहण्याची पाच अंगे मांडली : प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि पाहण्याचे स्थान. शिक्षकांस वर्गात ही पाच अंगे उपयोगी पडतील. परंतु प्रत्येक अंगास वीस गुण ठेवून बेरीज करण्याचा मोह मात्र टाळावा. त्याविषयी पुढे येईल.

पाहण्याच्या स्थानाबद्दल एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. भ्रमणध्वनीने घेतलेली बहुतेक चित्रे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेली असतात. त्यामुळे जमिनीवर बसलेला विक्रेता, लहान मूल, खाली वाकून काम करणारा कारागीर, ही सर्व माणसे वरून पाहिल्यासारखी, ठेंगणी व केविलवाणी दिसतात. जो छायाचित्रकार गुडघे टेकून विक्रेत्याच्या नजरेच्या पातळीवर आला, त्याने अर्धे काम केले. रोलायफ्लेक्ससारख्या जुन्या कॅमेऱ्यात खाली मान घालून पोटापाशी धरलेल्या काचेत दृश्य पाहावे लागे, त्यामुळे ही खालची पातळी आपोआप मिळत असे.

योगायोगाचे श्रेय कोणाला

परीक्षकांच्या मनात एक शंका नेहमी येते : हे चित्र चांगले आहे खरे, पण हा निव्वळ योगायोग तर नव्हे? शंका रास्त आहे. साँ लाझारच्या चित्रात योगायोग नाही असे कोण म्हणेल? ते चित्र कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून घेतलेले आहे. फट भिंगास पुरेशी रुंद नव्हती, म्हणून चित्राची डावी बाजू झाकली गेली आणि ती नंतर कापून काढावी लागली. एरवी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या चित्रांना कात्री लावण्याच्या कट्टर विरोधात होता. मोठ्या कलावंताचा नियम त्याच्याच सर्वोत्तम चित्रात मोडलेला आहे, हे 'कापलेले चित्र बाद' असा नियम छापणाऱ्या संयोजकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

रस्त्यावर योगायोग सर्वांनाच भेटतो. तो ओळखणे, त्यासाठी योग्य जागी थांबलेले असणे आणि नंतर घरी येऊन चाळीस चित्रांतून नेमके तेच वेगळे काढणे, ह्यात कला आहे. फिल्मच्या काळात जाणकार संपादक छायाचित्रकाराकडे केवळ निवडलेले चित्र न मागता त्या रिळातील सर्व चित्रांचा एकत्रित छाप, म्हणजे कॉन्टॅक्ट शीट, मागत असत. ३५ मिलिमीटरच्या रिळात ३६ चित्रे येत. त्यांवरून मनुष्य कसा हिंडला, कोठे थांबला, विषयाभोवती कसा फिरला हे सारे कळून येई. आजच्या स्पर्धेतही अंतिम फेरीतील दहा-बारा चित्रांपुरती ही अट घालता येते : प्रत्येक स्पर्धकाने निवडलेल्या चित्राच्या लगतची, आधीची पाच व नंतरची पाच चित्रे मूळ स्वरूपात दाखवावीत. ज्याने एकाच जागी उभे राहून नाते जुळेपर्यंत वाट पाहिली त्याची ती वाट पाहणे तेथे स्पष्ट दिसते. संगणकाकडून बनवून घेतलेल्या कृत्रिम चित्रांचा प्रश्न आता उभा राहिला आहे. त्यावरही हा साधा उपाय बऱ्याच अंशी लागू पडतो.

दोष आणि गुण

'चित्र हलले आहे', 'अंधारे आहे', 'दाणेदार आहे' अशा शेऱ्यांनी पहिल्याच फेरीत अनेक चित्रे बाद होतात. तांत्रिक सफाई हवीच. पण ती कशासाठी, हे विचारले पाहिजे. इंदूरच्या सराफ्यात रात्री पेढ्या बंद झाल्यावर त्यांच्या पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. तेथे कढईतून वर येणारी वाफ आणि पुढे केलेला हात टिपताना हात थोडा हलला, तर त्या हलण्यात त्या जागेची लगबग उतरते. तेथे कडक प्रकाशझोत टाकून सारे लख्ख केले तर दुकान दिसेल, रात्र दिसणार नाही. उलट, तोच अस्पष्टपणा दुपारच्या उन्हात घेतलेल्या, स्थिर बसलेल्या लोहाराच्या चित्रात असेल तर तो निव्वळ गाफीलपणा ठरतो.

झाक लार्तिग (१८९४-१९८६) ह्याने लहानपणापासून हौसेखातर चित्रे घेतली. १९१० नंतरच्या दशकातील त्याच्या एका चित्रात शर्यतीची मोटार चौकटीबाहेर अर्धी निसटली आहे, तिचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि कडेचे प्रेक्षक मागे कलले आहेत. कॅमेऱ्यातील पडद्याची फट वरखाली सरकत असताना लार्तिग मोटारीबरोबर कॅमेरा फिरवत होता, त्यामुळे हा विपर्यास झाला. नियमपुस्तिकेनुसार हे चित्र तीन ठिकाणी नापास होते. वेगाचे इतके प्रत्ययकारी चित्र मात्र क्वचितच सापडते.

भ्रमणध्वनीच्या चित्रांतील काही खुणा परीक्षकाने ओळखून ठेवाव्यात. पुष्कळ उपकरणे सावल्या आपोआप उजळवून सर्व दृश्य सपाट करतात. मग दुपार आणि संध्याकाळ यांत भेद राहत नाही. पार्श्वभूमी कृत्रिम रीतीने धूसर करण्याची सोय रस्त्याच्या चित्रास विशेष मारक आहे, कारण रस्ताच पुसला गेला तर मग उरले काय? लांबची वस्तू बोटांनी ताणून मोठी केली की तपशील विरघळतात. अशी चित्रे घेणाऱ्याने दोन पावले पुढे जाण्याचा संकोच केलेला असतो.

रंग काढून टाकल्याने चित्र 'कलात्मक' होते ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. रघुबीर सिंह (१९४२-१९९९) यांनी भारतातील रस्ते, घाट आणि बाजार आयुष्यभर रंगातच टिपले. रंग हा भारतीय दृश्यानुभवाचा अविभाज्य भाग आहे अशी त्यांची धारणा होती. मुंबईवरील त्यांच्या १९९४ सालच्या पुस्तकातील काचा, आरसे व प्रतिबिंबे रंगावाचून कल्पिता येत नाहीत. कृष्णधवल चित्रापुढे परीक्षकाने एवढेच विचारावे : रंग काढल्याने काही स्पष्ट झाले, की केवळ गांभीर्याचा अंगरखा चढविला गेला?

कणव हा कलागुण नव्हे

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे वळू. गरिबी, व्यंग, वार्धक्य यांची चित्रे पाहून मन हेलावते आणि गुण देणारा हात सैल होतो. परंतु ती हळहळ विषयामुळे उत्पन्न झालेली असते. चित्रकर्त्याने त्यात काय भर घातली हे वेगळे पाहावे लागते. झोपलेल्या भिकाऱ्याचे, त्याच्या नकळत, वरून घेतलेले चित्र ह्यात ना धैर्य आहे, ना निवड. ज्याच्यापाशी दार नाही त्याला कॅमेऱ्यासमोर दार लावून घेता येत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

बालकांच्या बाबतीत तर कायद्याची दिशाही लक्षात ठेवली पाहिजे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या व्याख्येनुसार भीक मागताना आढळलेले किंवा रस्त्यावर राहणारे मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते. त्याच अधिनियमाच्या कलम ७४ अन्वये, चौकशी, तपास किंवा न्यायालयीन कार्यवाहीसंबंधीच्या वृत्तात अशा मुलाची ओळख उघड करणारे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. गावच्या स्पर्धेतील चित्रास हे कलम शब्दशः लागू होवो वा न होवो, शासकीय कार्यालयाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर असे चित्र बक्षीसपात्र म्हणून टांगण्यापूर्वी संयोजकांनी त्यामागील हेतूचा विचार करणे उचित होय.

ह्याचा अर्थ दुःखाची चित्रे घेऊच नयेत असा नाही. कसोटी साधी आहे. चित्रातील व्यक्ती उद्या प्रदर्शनाच्या दालनात आली आणि तिने ते चित्र पाहिले, तर ती त्यासमोर उभी राहू शकेल काय? भर उन्हात ओझे वाहणारा हमाल आपल्या चित्रासमोर अभिमानाने उभा राहील, जर त्या चित्रात त्याच्या मानेचा तोल, पायाची पकड आणि चुंबळ ठेवण्याची हातोटी दिसत असेल. केवळ घाम आणि वेदना दिसत असेल तर तो मान खाली घालून निघून जाईल. दोन्ही चित्रे एकाच हमालाची असू शकतात.

मांडून घेतलेल्या दृश्यांबद्दल येथेच दोन शब्द. रोबेर द्वानो ह्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसच्या नगरभवनासमोर चुंबन घेणाऱ्या तरुण जोडप्याचे चित्र काढले. १९५० साली 'लाइफ' ह्या अमेरिकन साप्ताहिकात ते प्रसिद्ध झाले आणि पुढे लक्षावधी भिंतींवर लागले. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्यावरून न्यायालयात वाद उपस्थित झाला. ते जोडपे म्हणजे नाट्यशिक्षण घेणारे दोन विद्यार्थी असून त्यांना सांगून ते दृश्य घडविले होते, हे तेव्हा द्वानोने स्पष्ट केले. चित्राची मोहकता त्याने नष्ट झाली नाही; पण रस्त्याने आपण होऊन दिलेला क्षण म्हणून लोकांनी त्यावर जे प्रेम केले होते त्यास तडा गेला. म्हणून स्पर्धेचा विषय 'रस्त्यावरील जीवन' असा असेल, तर सांगून उभे केलेले दृश्य कितीही सुरेख असले तरी त्या विभागातून बाजूस काढावे, आणि हा नियम प्रवेशपत्रिकेवर आधीच छापावा. निकालानंतर नियम सुचणे हे स्पर्धकावर अन्यायकारक असते.

हौशी म्हणजे कच्चा नव्हे

'हौशी' हा शब्द आपल्याकडे थोडा उपहासाने वापरला जातो. छायाचित्रणाच्या इतिहासात त्याला आधार नाही. राजा लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) हे रुरकीस अभियांत्रिकी शिकून इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि ती नोकरी सांभाळून त्यांनी १८७० नंतरच्या दशकात हौसेने कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा आश्रय त्यांना लाभला. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना 'राजा' व 'मुसव्विर जंग' हे किताब दिले. त्यांची चित्रे राजवाडे, इमारती व दरबार यांची आहेत, रस्त्यावरील नव्हेत. परंतु खात्यातील एक कर्मचारी कोठवर जाऊ शकतो ह्याचा हा दाखला अधिकारीवर्गास आवडेल.

विव्हियन मायर (१९२६-२००९) हिची कथा याहून विलक्षण आहे. अमेरिकेत, मुख्यतः शिकागो शहरी, तिने सुमारे चाळीस वर्षे इतरांची मुले सांभाळण्याची नोकरी केली. मुलांना फिरावयास नेताना आणि सुटीच्या दिवशी तिने रस्त्यावरची चित्रे घेतली. आपली चित्रे तिने कोणास फारशी दाखविली नाहीत. पुष्कळशी रिळे तिने धुतलीही नाहीत. सामान ठेवलेल्या खोल्यांचे भाडे थकले म्हणून २००७ साली त्या वस्तूंचा लिलाव झाला आणि त्यातून एक लाखाहून अधिक निगेटिव्ह बाहेर आल्या. आज तिची गणना विसाव्या शतकातील महत्त्वाच्या रस्ता-छायाचित्रकारांत केली जाते. कोणताही परीक्षक, कोणताही पुरस्कार तिच्या वाट्यास आला नव्हता. दुकानाच्या काचेत पडलेले स्वतःचे प्रतिबिंब, श्रीमंत बाईच्या पाठीवरील फरचा कोट, रडून थांबलेल्या मुलाचा गाल, असे तिचे विषय.

आपल्या परिसरात होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांचे नाव घेतले पाहिजे. नवसारी येथे जन्म, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण आणि भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून कीर्ती. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्या वडोदऱ्यास राहिल्या व तेथेच निवर्तल्या. त्यांची आरंभीची काही चित्रे पतीच्या नावाने छापली गेली. स्पर्धकांची नावे झाकून परीक्षण करण्याची पद्धत किती आवश्यक आहे हे ह्यावरून समजावे. नाव कोणाचे आहे, मुलगा आहे की मुलगी, सरपंचाचा पुतण्या आहे की नवखा, ह्यांपैकी काहीही परीक्षकास ठाऊक नसावे.

गुणांची बेरीज

परीक्षणाच्या पद्धतीतील एक दोष सार्वत्रिक आहे. तीन परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज करून क्रम लावला जातो. समजा, एका धाडसी चित्रास एका परीक्षकाने दहा व उरलेल्या दोघांनी चार-चार गुण दिले; बेरीज अठरा. दुसऱ्या एका नीटनेटक्या पण निर्जीव चित्रास तिघांनी सहा, सहा व सात दिले, बेरीज एकोणीस. बेरजेने निर्जीव चित्र पुढे जाते. कोणासही न खुपणारे चित्र हे कोणासही न भिडणारे असू शकते, ही गोष्ट बेरजेस कळत नाही. यास्तव गुणांचा उपयोग केवळ पहिली चाळणी लावण्यासाठी करावा. अंतिम फेरीत प्रत्येक परीक्षकास एक चित्र आपल्या जबाबदारीवर आत आणण्याचा हक्क द्यावा, आणि त्या चित्राची बाजू त्याने उरलेल्या दोघांसमोर मांडावी. तिघांनी बोलून निर्णय घ्यावा. वेळ अधिक लागेल, लागू द्यावा.

चित्रे शक्यतो कागदावर छापून, एकाच आकारात, टेबलावर मांडून पाहावीत. प्रथम हातभर अंतरावरून, मग उभे राहून. चित्र उलटे करून पाहण्याची जुनी युक्ती अद्याप उपयोगी आहे : विषय ओळखू येईनासा झाला की छायाप्रकाशाचा तोल आणि आकारांची मांडणी उघडी पडते. मग सर्वांत आवडलेली दहा चित्रे झाकून ठेवून चहा घ्यावा, आणि परत येण्यापूर्वी त्यांपैकी कोणती डोळ्यांपुढे उभी राहतात ते पाहावे. ही गोष्ट शास्त्रीय नाही, पण ती बहुधा फसवीत नाही.

बाद झालेल्या स्पर्धकास काहीतरी सांगून पाठवावे. 'ठीक आहे, प्रयत्न चालू ठेवा' ह्या शेऱ्याने कोणी शिकत नाही. 'डावीकडचा खांब टाळता आला असता', 'आणखी दोन पावले पुढे जा', 'मुलाने मागे वळून पाहीपर्यंत थांबला असता तर?' असे एक वाक्य चित्राच्या मागे लिहिले तर पुढील वर्षाच्या स्पर्धेचा दर्जा त्याच एका वाक्याने वाढतो. शाळेतील शिक्षकांना हे सांगावयास नको. वही तपासताना ते हेच करीत आले आहेत.

चित्राचा कलागुण आणि त्याची नोंद म्हणून असलेली किंमत ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. पॅरिसमधील अझेन आत्जे (१८५७-१९२७) हा आपल्या दारावर 'कलावंतांसाठी दस्तऐवज' अशा अर्थाची पाटी लावून जुन्या गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी काचा, अंगणे यांची चित्रे विकत असे. ती नोंदच होती. पुढच्या पिढीला तीत कला दिसली. म्हणून स्पर्धेत बसले नाही तरी बेळगावच्या खडेबाजाराचे, ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याचे किंवा आपल्या गावच्या बसथांब्याचे साधे, नीट घेतलेले चित्र परत पाठवून विसरून जाऊ नये. दुकानांच्या पाट्या, फळ्यावर लिहिलेले भाव, लोकांचे पोशाख हे सारे दहा वर्षांत बदलते. स्पर्धकाच्या लेखी संमतीने प्रत्येक चित्राची एक प्रत वाचनालयात ठेवावी. मागील बाजूस मऊ पेन्सिलीने, शाईने नव्हे, गाव, रस्ता, दिनांक, वेळ आणि चित्र घेणाऱ्याचे नाव लिहावे. मूळ प्रतिमेची फाइल लहान न करता दोन निरनिराळ्या ठिकाणी जतन करावी, आणि ती कोठे आहे हे वाचनालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे.